फी नंतर, जुना पेपर आधी

श्रोतेहो, नमस्कार.

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागून गेला, प्रवेशाच्या फेऱ्याही उरकत आल्या. ज्यांना एमबीबीएस मिळालं ते बॅगा भरताहेत. ज्यांना मिळालं नाही त्यांच्या घरी एकच विषय चालू आहे, रिपीट करायचं का? आजचं बोलणं त्या घरांसाठी.

लातूर भागात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत आलो. रिपीट करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही. वयाची वरची अट नाही, किती वेळा बसायचं यालाही मर्यादा नाही. तो निर्णय तुमचा, तुमच्या मुलाचा आणि तुमच्या खिशाचा. मी एवढंच सांगतो की पुन्हा क्लासची फी भरायच्या आधी जुना पेपर उघडा. फी नंतर, जुना पेपर आधी.

पेपर घरातच असतो. प्रश्नपुस्तिका मुलं परीक्षेहून बरोबर आणतात. निकालाच्या सुमारास ओएमआरची, म्हणजे मुलानं गोळे रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन प्रत आणि उत्तरसूची संकेतस्थळावर येते. ती त्याच वेळी उतरवून घ्यायची, नंतर मिळत नाही. पण हे कागद समोर घेऊन बसणारं घर मी विरळाच पाहिलं. निकालानंतर आपण पेपर कपाटात टाकतो आणि सल्ला मात्र गावभर विचारत फिरतो.

आता तुम्हाला मामांची गोष्ट सांगतो. आमच्या स्टाफरूममध्ये मी 'मामा' एवढं म्हटलं तरी सहकारी चहाचे कप उचलून बाहेर जायचे, इतक्या वेळा सांगून झाली आहे. तुम्ही पहिल्यांदा ऐकताय, तेव्हा बसा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक विद्यार्थी, औशाकडचा. नीटला ७२०पैकी ३८८ गुण. फिजिक्स ९०, केमिस्ट्री ९८, बायो २००. तो, त्याची आई आणि मामा असे तिघं माझ्याकडे आले. मामा पुण्यात नोकरीला, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "सर, दुखणं कळलंय. बायोत दोनशे अन् फिजिक्समध्ये नव्वद. फिजिक्सनं घात केला पोराचा." पुण्यात फिजिक्सचा क्लास त्यांनी हेरून ठेवला होता. खोली बघितली होती, मेसवाल्याशीही बोलून ठेवलं होतं. माझ्याकडे यायचं काय तर सरांनी हो म्हणायचं.

आई काही बोलत नव्हत्या. त्या गावातल्या बचत गटाच्या सचिव. पिशवीत गटाची वही होती, कारण इथून पुढे त्यांना बँकेत जायचं होतं. जरा वेळानं मला म्हणाल्या, "सर, फिजिक्सचा पेपर कितीचा असतो?"

"एकशे ऐंशीचा, ताई."

"अन् बायोचा?"

"तीनशे साठचा."

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर दोन आकडे लिहिले आणि वही भावापुढे सरकवली. फिजिक्समध्ये गेले नव्वद, बायोत गेले एकशे साठ. "मग दादा, जास्त कुठं गेले?"

मामा वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण बायोत दोनशे आहेत की!"

श्रोतेहो, हसू नका. हा हिशेब शिकलेल्या घरांतही असाच होतो. फिजिक्सचे ४५ प्रश्न, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोचे ९०, हे पाठ असतं सगळ्यांना. तरी डोळा जातो तो मिळालेल्या आकड्यावर, गेलेल्यावर नाही. स्कोअरकार्डवर विषयवार पर्सेंटाइल, म्हणजे आपल्या मागे शंभरात किती मुलं आहेत ते, छापलेलं असतं, तेही कुणी वाचत नाही.

मग मी मुलाला पेपर काढायला लावला. बायोत त्यानं एकही प्रश्न सोडला नव्हता. ५८ बरोबर, ३२ चूक. चूक प्रश्नाचा एक गुण कापतात असं आपण म्हणतो, पण त्याचे हातचे चार गेले ते कोण धरणार? चार मिळायचे राहिले आणि वर एक कापला. एका चुकीला पाच. बत्तीस चुकांचे झाले एकशे साठ.

पुढचं काम आईंनीच केलं. पोराला समोर बसवलं, घड्याळ नाही, घाई नाही, तेच बत्तीस प्रश्न पुन्हा सोडवायला लावले आणि वहीत तीन रकाने पाडले. 'येतच नव्हतं', 'येत होतं, वाचलं चुकीचं' आणि 'दोनात अडकला, एक ठोकला'. पहिल्यात आले नऊ. दुसऱ्यात बारा. तिसऱ्यात अकरा. म्हणजे बत्तीसपैकी नऊच प्रश्न खरोखर येत नव्हते! दुसऱ्या रकान्यातले बरेचसे 'चुकीचं विधान निवडा' अशा धाटणीचे होते, आणि या पठ्ठ्यानं पहिलं बरोबर विधान दिसलं की गोळा रंगवलेला. आई त्याला म्हणाल्या, "घरी पण असंच करतोस. निम्मं ऐकतोस अन् पळतोस."

न येणाऱ्या नवांत एक प्रश्न गुलमोहराच्या कळीतल्या पाकळ्यांच्या मांडणीचा होता. त्यांच्या दारातच गुलमोहर. मला विचाराल तर आपल्या जीवशास्त्राचं सगळं दुखणं इथंच आहे. नीट असते मे महिन्यात, तेव्हा केंद्राच्या फाटकाशी गुलमोहर पेटलेला असतो, त्याच्या सावलीत उभं राहून पोरं गुलमोहराच्या नोट्स वाचतात आणि वर मान करून कुणी बघत नाही. मी वर्गात फुलं घेऊन जायचो. पोरं विचारायची, सर, हे परीक्षेला आहे का? असो.

तर मामांचा पुण्याचा बेत बारगळला. मुलगा घरीच राहिला. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं, एक टेस्ट सिरीज, आणि प्रत्येक टेस्टनंतर आईची वही. तेच तीन रकाने. पुढच्या वर्षी बायोत ३१२ आले. फिजिक्स फारसं हललं नाही, शंभराच्या आसपासच राहिलं. त्याला शासकीय महाविद्यालय मिळालं. चौकात फ्लेक्स काही लागला नाही त्याचा, कारण फ्लेक्स क्लासवाले लावतात. एकेक पोरगं तर तीन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर झळकतं, आणि नगरपालिका ते फ्लेक्स दिवाळीपर्यंत काढत नाही, हा वेगळाच विषय. आणि मामा? गावात सांगतात, "मी आधीपासून म्हणत होतो, बायोकडं बघा."

बराच वेळ घेतला मामांनी. राहिलेलं भराभर सांगतो.

मागच्या वर्षाचे गुण आणि या वर्षाचे गुण शेजारी ठेवून तुलना करू नका, क्रमांक बघा. २०२४ला पहिल्या यादीत ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित यादीत १७ उरले. २०२५ला पेपर असा आला की देशात पहिला आलेल्याला ६८६. गुण पेपरावर ठरतात, जागा क्रमांकावर मिळते. म्हणून पुन्हा सांगतो, गुण नव्हे, क्रमांक बघा. आणि गुण सारखे आले तर आधी बायोचे गुण धरले जातात, मामांना हेही माहीत नव्हतं.

अभ्यासक्रमाची यादी ताजी घ्या. २०२४च्या परीक्षेपासून काही भाग वगळला आहे. थोरल्या ताईच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका.

कागदपत्रं. दरवर्षी गुण पुरेसे असलेली मुलं कागदापायी मागे पडतात. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर खुल्या गटात मोजतात. बारावीत कॉलेजमार्फत अर्ज करायचा राहिला असेल तर या आठवड्यात जात पडताळणी समितीकडे जा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत वाचा. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. राज्याचं एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाचं, आरक्षणही तिथं लागू नाही. गॅपचं, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचं, प्रतिज्ञापत्र मात्र तहसीलला एका फेरीत होतं.

शेवटचं, पसंतीक्रम. कॅपचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश फेऱ्यांचा, अर्ज नेटकॅफेवाल्याला भरायला देऊ नका. २०२४ला राज्यात दहा नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली, गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा, जालना वगैरे. पालक ही नावं यादीत खाली टाकतात, कुणी टाकतच नाही. पदवी तीच, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीच, फी शासकीय. इमारत नवी आहे, रुग्णालयातली गर्दी जुनीच आहे, आणि एमबीबीएसच्या पोराला शिकायला गर्दीच लागते. यंदा तुम्ही भरलेला पसंतीक्रमही छापून घ्या आणि जुन्या पेपराशेजारी ठेवा. कुठल्या महाविद्यालयाची शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली, याची यादी राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळते. ती बघून पेन्सिलीनं खुणा करत बसायला एक दुपार लागते. मामा घरी नसतील अशी दुपार निवडा.

नमस्कार.