गोलमालचा रामप्रसाद आणि आक्रीतचा खुनी

नमस्कार मंडळी. पाऊस जोरात आहे, लाईट कधीही जाईल, गेली तरी मी बोलत राहणार कारण पीपीटी-बिपीटी काय आणलेली नाय. विषय अमोल पालेकर. नट पालेकर नव्हे, दिग्दर्शक पालेकर, पण पहिल्याला सोडून दुसऱ्याकडे जाताच येत नाही त्यामुळे तोही येणार.

नट पालेकर तुम्हाला मी काय नव्याने सांगू. १९७४ चा ‘रजनीगंधा’, मग ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’. पडद्यावर अमिताभ गोदामात शिरून गुंडांना धोपटतोय त्याच काळात हा आपला बसस्टॉपवर फाईल धरून उभा, आणि आवडत्या मुलीशी बोलायचं कसं ते शिकायला खंडाळ्याला अशोककुमारकडे जाणार! आयांनी डोळे मिटून जावई करावा असा. १९७९ ला ‘गोलमाल’ आला, त्यात मिशीवाला रामप्रसाद आणि बिनमिशीचा लक्ष्मणप्रसाद, त्याला फिल्मफेअर मिळालं. आता लोकांना वाटतं की हिरोगिरीचा कंटाळा आला आणि मग हा डायरेक्शनकडे वळला. तसं नाय ते. मुळात माणूस जेजे स्कूलमध्ये शिकलेला चित्रकार, पोटासाठी बँक ऑफ इंडियात नोकरी, नाटक दिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या हाताखाली, आणि १९७२ ला स्वतःची ‘अनिकेत’ ही संस्था काढून हा नाटकं बसवत होता. म्हणजे हिंदीत हिरो व्हायच्या आधीच दिग्दर्शक होता, मधे सिनेमावाल्यांनी त्याला थोडा पळवून नेला असं म्हणा हवं तर.

माझं म्हणणं एवढंच आहे की नट म्हणून जे प्रेम कमावलं ते या माणसाने दिग्दर्शक झाल्यावर जपून ठेवलं नाही, खर्च केलं. १९८१ बघा. त्या साली ‘नरम गरम’ आला, त्यात हा नेहमीसारखा गरीब बिचारा प्रेमिक. आणि त्याच साली स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा ‘आक्रीत’. पटकथा विजय तेंडुलकरांची, विषय मराठवाड्यातल्या मानवतचं खरं घडलेलं खून प्रकरण, गुप्तधनासाठी बायकापोरींचे बळी, आणि त्या खुनांमागचा माणूस कोण, तर स्वतः पालेकर. दुसरा कोणी असता तर पहिल्या सिनेमात खलनायकाला बाहेरून नट आणला असता आणि आपण इन्स्पेक्टर झाला असता, होय की नाय? याने तोच जावयाचा चेहरा घेतला आणि त्याचा खुनी केला. प्रेक्षकाला भीती वाटते ती त्यामुळेच, कारण डोळे क्रूर नाहीतच, ते आपल्या ओळखीचे आहेत.

आता ‘अनकही’, १९८५. इथे मी जरा थांबणार, कारण हा सिनेमा आपल्या कोकणच्या मातीतून गेलाय. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आपले आरती प्रभू, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मले, त्यांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावर तो आहे. खानोलकर १९७६ लाच गेले, त्यांना काय तो बघायला मिळाला नाही. गोष्ट अशी, की बाप मोठा ज्योतिषी, त्याचं भाकीत आजवर चुकलेलं नाही, आणि तो सांगतो की मुलाची पहिली बायको बाळंतपणात जाणार. मुलाचं तर एका शहरी मुलीवर प्रेम. मग काय करायचं, तर आधी एका भोळ्या, काहीच न कळणाऱ्या मुलीशी लग्न करायचं, ती गेली की मग हिच्याशी. बघा, यात कोणी हातात सुरा घेतलेला नाय, सगळे सुशिक्षित, सगळे शांतपणे बोलतायत, श्रीराम लागूंचा बाप तर स्वतःच्याच विद्येला भ्यालेला, आणि तरी खून ठरतोय. तो मुलगा परत पालेकरच! आपल्याकडे देवाला कौल लावल्याशिवाय लोक विहीर खणत नाहीत, त्यात बीएस्सी झालेलेही आले, त्यामुळे हे घर आपल्याला लांबचं वाटत नाही. आणि त्या भोळ्या मुलीच्या आसपास भीमसेन जोशींचा आवाज, ‘रघुवर तुमको मेरी लाज’. संगीत जयदेवांचं. दोघांनाही या सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भजन ऐकताना डोळ्यात पाणी येतं आणि त्याच वेळी हिच्या मरणाची वाट बघणारी माणसं शेजारच्या खोलीत आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. शेवट सांगत नाही, बघा.

‘थोडासा रूमानी हो जाएँ’ पटकन सांगतो. १९९०, दुष्काळी गावात पाऊस पाडून देतो म्हणून येणारा नाना पाटेकर. आपल्याकडे असा कोण आला तर लोक म्हणतील बाबा थांबवून दाखव, पैसे देतो. हा नाना मुरूड-जंजिऱ्याचा, आणि पुढच्याच वर्षी तोही ‘प्रहार’ काढून दिग्दर्शक झाला.

दुसरं मुरूड दापोलीचं, तिथले कर्वे. अण्णांनी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी, विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकलं हे सगळ्यांना पाठ असतं, पण मुलगा रघुनाथ संततिनियमनाबद्दल उघड बोलायला लागला, त्यापायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली, १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि मरेपर्यंत चालवलं, अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे आपल्या शाळांत कोणी सांगत नाही. पालेकरांनी २००१ ला ‘ध्यासपर्व’ केला तो याच्यावर. किशोर कदम रघुनाथ, सीमा विश्वास त्याची बायको मालती. मला तो थोडा धड्यासारखा वाटतो, खरं सांगायचं तर, पण एवढ्या एकट्या पडलेल्या माणसावर सिनेमा काढायला पैसे घालायचे म्हणजे तिकीटबारीचा विचार करून चालतच नाही.

मागून कोण काय म्हणालं? “मगे ‘पहेली’ कित्याक केल्यान?” म्हणजे मग ‘पहेली’ का केला? बरोबर प्रश्न आहे. २००५, शाहरुख, राणी मुखर्जी, रंगीबेरंगी राजस्थान. गोष्ट विजयदान देथांची, मणि कौलने १९७३ ला ‘दुविधा’ म्हणून तीच केली होती. मला पण तो जास्त नटवलेला वाटतो. पण आत बघा काय आहे, नवरा धंद्याला निघून गेला, भूत त्याचं रूप घेऊन आलं, आणि भूत बाईला खरं सांगतं, की मी तुझा नवरा नाही, ठरव तू. म्हणजे निर्णय बाईच्या हातात. पालेकरांच्याच ‘अनाहत’ सिनेमात पण तेच आहे, राजाच्या राणीला एका रात्रीपुरता पुरुष निवडायला लावतात आणि मग तिला स्वतःचीच नव्याने ओळख होते. तेव्हा शाहरुख आला म्हणून माणूस बदलला असं मी म्हणणार नाही, बजेट बदललं.

आणि हो, ऐंशीच्या दशकानंतर नट म्हणून जवळपास थांबला, त्यात आपलं नुकसान झालं का, असं ताई विचारतायत. झालंच की. २०२१ ला ‘२०० हल्ला हो’मध्ये निवृत्त दलित न्यायाधीश म्हणून परत आला तेव्हा लक्षात आलं केवढं ते.