देवांची पापणी लवत नाही

नमस्कार श्रोतेहो.

चष्मा पुसण्यापासून सुरुवात करते. दोन वर्षांपूर्वी मला दुपारी चारच्या सुमारास चष्मा पुसायची सवय लागली होती. पडद्यावरची अक्षरं अंधूक व्हायची. मी चष्मा काढायचे, रुमालाने पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे, की अक्षरं लख्ख. दहा मिनिटांनी परत तेच. माझं काम मुद्रितं तपासण्याचं. अनुस्वार सुटलाय का, ऱ्हस्वाचं दीर्घ झालंय का, हे दिवसभर शोधत बसायचं. त्यामुळे अंधूक दिसणं मला परवडणारं नव्हतं, आणि चष्मा मात्र दिवसेंदिवस चकचकीत होत चालला होता.

काचेवर खरं तर काहीच नसायचं. चष्मा काढून पुसेपर्यंत माझी पापणी चार-सहा वेळा लवायची आणि अक्षरं स्वच्छ व्हायची ती त्यामुळे. हे माझं मला कधीच कळलं नसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

मी स्वतः डॉक्टर नाही, हे इथेच सांगून टाकते. मी त्यांना भरपूर प्रश्न विचारलेली एक रुग्ण आहे. आमच्यासारख्या, आठ-नऊ तास बंद खोलीत पडद्यासमोर बसणाऱ्यांचे डोळे का चुरचुरतात आणि त्यावर काय करता येतं, तेवढंच आज बोलणार आहे.

मी गेले होते ती तक्रार घेऊन की डोळ्यांतून पाणी येतं. आग होते, वाळू गेल्यासारखं खुपतं, आणि संध्याकाळी धारा लागतात. तपासून डॉक्टर म्हणाले, तुमचे डोळे कोरडे आहेत. मला वाटलं यांनी दुसऱ्याच कुणाचा कागद हातात घेतलाय!

पण त्यात विरोध काही नाही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. पातळ म्हणजे किती, तर एक मिलिमीटरचा साधारण तीनशेवा भाग धरा. तळाशी चिकट द्रव, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेल. हो, तेल. पापणीच्या कडेला, पापणीच्या केसांच्या किंचित आत, बारीक ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. पापणी लवली की तिच्या दाबाने त्यांतून कणभर तेल बाहेर येतं आणि पाण्यावर पसरतं. त्यामुळे पाणी चटकन उडून जात नाही. डोळ्यांत तेल घालून काम करणं हा शब्दप्रयोग आपण किती सहज वापरतो. ते तेल खरोखरच लागतं, फक्त ते घालायचं काम पापणीचं आहे.

हा थर जागोजागी फाटला की खालचा भाग उघडा पडतो. तिथे मज्जातंतूंची इतकी दाटी आहे की शरीराच्या पृष्ठभागावर अशी दुसरी जागा सापडणं कठीण. ते बोंब मारतात, आणि मेंदू मोठ्या अश्रुग्रंथीला सांगतो, सोड पाणी. ते पाणी भसकन येतं आणि गालावरून ओघळून जातं. त्यात तेलाचा ताळमेळ नसतो, त्यामुळे ते टिकत नाही. म्हणून डोळा वाहतोही आणि कोरडाही राहतो.

आता पापणीकडे येते. नलदमयंतीची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसतात. दमयंतीसमोर एकसारखे पाच नळ. खरा कोणता? तिने खुणा पाहिल्या. देवांना घाम येत नाही, त्यांची सावली पडत नाही, आणि त्यांची पापणी लवत नाही. ज्याची पापणी लवली त्याच्या गळ्यात तिने माळ घातली. आमच्या खोलीत दुपारी तीन वाजता दमयंती आली असती तर बिचारी रिकाम्या हाताने परत गेली असती. चौदाच्या चौदा माणसं देव झालेली!

एरवी गप्पा मारताना आपली पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना ते प्रमाण निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्शावर येतं. म्हणजे पाच-सात वेळा. सहा धरा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा. आता डॉक्टरांचं मोजमाप ऐका. डोळ्यांत पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात पाहून ते सेकंद मोजतात की पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर किती वेळ अखंड राहतो. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो कमकुवत समजतात. माझा चार सेकंदांत फाटला. म्हणजे प्रत्येक दहा सेकंदांतली सहा सेकंदं मी उघड्या डोळ्याने वारा खात होते.

शिवाय पडद्यासमोर पापणी लवते ती अर्धवट. वरची पापणी निम्म्यापर्यंत येते आणि परत जाते, खालच्या पापणीला टेकतच नाही. मग ग्रंथींवर दाब पडत नाही, तेल निघत नाही, आणि न वापरलेलं तेल आतल्या आत घट्ट होतं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

आपण आत्ताच एक करून पाहू. गाडी चालवत असाल तर नको, पण घरी असाल तर जरूर. रेडिओची ही एक चैन आहे की ऐकताना डोळे मिटता येतात. अलगद मिटा. दोन सेकंद थांबा. आता पापण्या हलकेच आवळा, फार जोर नको. सोडा. उघडा. असं आणखी चार-पाच वेळा. ज्यांना उघडल्यावर एकदम गार वाटलं किंवा समोरचं जरा स्वच्छ दिसलं, त्यांनी पुढचं जरा कान देऊन ऐका.

पापणी हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा हवेचा आहे, आणि तिकडे आपलं लक्षच जात नाही. वातानुकूलन यंत्राची जी नळी बाहेर थेंब-थेंब गळत असते, ते पाणी येतं कुठून? खोलीतल्या हवेतून. हवा गार करताना यंत्र तिच्यातली वाफ काढून घेतं. थंडीच्या प्रदेशात बाहेरची हवा आत घेऊन तापवली, तरी ती तशीच कोरडी होते. खोलीतली सापेक्ष आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असली तर डोळ्यांना बरं वाटतं. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र मिळतं, टेबलावर ठेवता येतं. पण त्याहून सोपी तपासणी म्हणजे कागदी रुमालाची पातळ पट्टी. आपल्या खुर्चीत बसून ती चेहऱ्यासमोर धरायची. हलली, तर वाऱ्याचा झोत तोंडावर येतोय. माझी पट्टी फडफडत होती. वरची हवेची जाळी अगदी माझ्याकडे तोंड करून.

खरं सांगायचं तर डोळ्यांत थेंब घालणं हा या सगळ्या प्रकरणातला सोपा भाग आहे. खुर्ची हलवून घेणं अवघड. मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की बैठकव्यवस्था ठरलेली आहे. तापमान वाढवू म्हटलं तर खिडकीजवळचे नाराज, कमी करू म्हटलं तर दारापाशी बसणारे शाली पांघरणारे. शेवटी देखभालीच्या माणसाला विनंती केली, तर त्याने पाच मिनिटांत जाळीच्या पात्या भिंतीकडे वळवून दिल्या. इतकंच करायचं होतं! तुमच्या जाळीच्या पात्या वळत नसतील तर पुठ्ठ्याचा आडोसा चालतो, मात्र तो लावण्याआधी त्याच माणसाला विचारा. टेबलावरचा पंखा असेल तर त्याचं तोंड चेहऱ्याकडे नको.

पडद्याच्या उंचीचंही तसंच. मान दुखू नये म्हणून मी पडद्याखाली कागदांचे गठ्ठे रचले होते. वर पाहायला लागलं की डोळे मोठे उघडतात, आणि जितका डोळा उघडा तितकं पाणी उडणार. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, आणि अंतर साधारण हातभर, म्हणजे 50 ते 70 सेंटिमीटर. लॅपटॉप खाली असतो, तो डोळ्यांना मानवतो पण मानेला नाही. या भांडणात मी अजून मधला मार्ग शोधते आहे.

दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर, म्हणजे सहा मीटर लांब, वीस सेकंद पाहा, हा नियम तुम्ही ऐकला असेल. जवळचं पाहून शिणलेल्या स्नायूंना त्याने आराम मिळतो. मी फोनवर त्यासाठी घंटी लावली होती. तीन दिवसांत शेजारच्यांनी हात जोडले. आता मी घड्याळाला बांधून घेत नाही. एक पान तपासून झालं की खिडकीबाहेर पाहते आणि पाच वेळा पापण्या पूर्ण मिटते. पान संपतंच, त्यामुळे विसरायला होत नाही.

थेंबांबद्दल मात्र सावकाश बोलते, कारण इथे चुका महागात पडतात. डोळे लाल झाले की लाली घालवणारे थेंब मिळतात. ते रक्तवाहिन्या आकसवतात. डोळा तासाभरासाठी पांढराशुभ्र होतो, कोरडेपणा तसाच राहतो, आणि थेंब बंद केले की लाली दुपटीने परत येते. त्याहून धोक्याचे म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. मागे कधीतरी कुणाला लिहून दिलेली बाटली कपाटात असते, आणि 'मला याने लगेच बरं वाटलं' म्हणत ती टेबलाटेबलावरून फिरते. बरं वाटतंच. पण देखरेखीशिवाय ते वापरत राहिलात तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरली की जंतूंची देवाणघेवाण होते ती वेगळीच.

कोरडेपणासाठी असतात ते कृत्रिम अश्रू. त्यांतल्या अनेक बाटल्यांमध्ये टिकवण्यासाठी एक द्रव्य, म्हणजे परिरक्षक, घातलेलं असतं, बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे त्यातलं नेहमीचं नाव. दिवसातून एक-दोनदा ठीक. पण चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर हे द्रव्य स्वतःच डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देतं. अशा वेळी परिरक्षक नसलेले थेंब मागा. आणि थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला लावू नका.

माझ्या पाण्याचं प्रमाण चांगलं होतं. शिर्मर यांनी 1903 मध्ये सांगितलेली चाचणी अजून चालते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसायचं, आणि ती किती मिलिमीटर भिजली ते पाहायचं. पाचच्या आत असेल तर पाणीच कमी. माझी बारा भरली. तुटवडा होता तेलाचा, म्हणून मला उपाय मिळाला शेकण्याचा. स्वच्छ फडकं साधारण 40 अंश तापमानाच्या पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं. फडकं दोन मिनिटांत निवतं, ते पुन्हा गरम करून घ्यायचं. इथेच बहुतेक जण कंटाळतात. मीही कंटाळले होते. नंतर पापण्यांवर बोटाने हलका दाब द्यायचा, वरची पापणी खाली, खालची वर, म्हणजे पातळ झालेलं तेल निघतं. फरक पडायला मला महिना लागला.

निळा प्रकाश अडवणारा चष्माही मी घेतला होता. 2023 मध्ये कोक्रेन या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा शीण निदान अल्पकाळात तरी कमी होताना दिसला नाही. ओमेगा-3 च्या गोळ्यांचंही 2018 च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत असंच झालं. ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तेवढाच आराम पडला. माझा तो चष्मा अजून खणात आहे.

आग कमी आणि खाज जास्त असेल, तर प्रकरण बहुधा ॲलर्जीचं असतं. गालिचातली धूळ, नवा रंग, नवं फर्निचर, कुणाचं तरी उग्र अत्तर, यांतलं काहीही कारण असू शकतं. त्याचे उपचार वेगळे. गंमत अशी की ॲलर्जीसाठी घेतलेल्या काही गोळ्या डोळे आणखी सुकवतात. नैराश्यावरची काही औषधं आणि मुरुमांवरच्या काही गोळ्याही. पाळी जाण्याच्या वयात कोरडेपणा वाढतो, हे माझ्या बाबतीत होतंच. खाज कितीही सुटली तरी डोळे चोळू नका.

आणि काही तक्रारी टेबलाखुर्चीवर ढकलू नका. डोळा खरोखर दुखतोय, उजेड सहन होत नाही, पापणी मिचकावूनही अंधूकच दिसतं, एकच डोळा लाल आहे, पू येतो, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याचा डोळा दुखायला लागला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर तेही सांगा. स्योग्रेन नावाचा एक आजार असतो, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते.

जाताना थेंबांची बाटली, चालू औषधांची यादी आणि चष्मा सोबत न्या. मला पहिला प्रश्न विचारला गेला तो वेळेचा. त्रास सकाळी उठल्या-उठल्या जास्त असतो की संध्याकाळी? सकाळी असेल तर पापण्यांच्या कडांची सूज, किंवा झोपेत पापण्या नीट न मिटणं, याकडे पाहतात. संध्याकाळी असेल तर दिवसभराच्या हवेकडे आणि कामाकडे. दुसरा प्रश्न, सुट्टीच्या दिवशी कसे असतात? मला उत्तर देता आलं नव्हतं, कारण सुट्टीच्या दिवशी मी दिवसभर फोनच पाहत होते. डॉक्टरांनी एक आठवडा लिहून आणायला सांगितलं, रोज संध्याकाळी शून्य ते दहा असा एक आकडा. जाण्याआधीच तो आठवडा लिहून काढलात तर तुमची एक खेप वाचेल.

नमस्कार.