बारा व्होल्टला कोण भितंय?

मंडळी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला ४४० व्होल्टची भीती शिकवावी लागत नाही. पण बारा व्होल्ट म्हटलं की हात बिनधास्त फिरतो. दोन्ही टोकं बोटांत धरली तरी काही होत नाही, हे आपण सगळ्यांनी लहानपणीच करून बघितलंय. होडीवर मोटर बसवताना घोटाळा होतो तो इथंच. शॉक बसत नाही म्हणून आपण ते काम किरकोळ धरतो, आणि आग लागते ती करंटमुळे.

ट्रोलिंग मोटर म्हणजे होडी आवाज न करता, संथ चालवणारी छोटी विजेची मोटर. अमेरिकेत फार्गो गावाच्या ओ. जी. श्मिटनं १९३४ साली ती बनवली, ती गळ टाकणाऱ्यांसाठी. विजेवरची होडी त्याहून जुनी. गुस्ताव्ह ट्रुव्हेनं १८८१ मध्ये पॅरिसला सेन नदीत चालवून दाखवली होती. एक आधीच सांगून टाकतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडं ज्या होड्या फिरल्या, त्या कामाची ही मोटर नव्हे. बारा व्होल्टची मोठ्यातली मोटर साधारण ५५ पौंड, म्हणजे २५ किलोचा रेटा देते. पंचगंगेच्या पुराच्या धारेत तेवढ्यावर कुणी उतरू नये. रंकाळा, कळंबा असलं थांबलेलं पाणी हीच तिची जागा.

आता हिशेब. ही ५५ पौंडाची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास खेचते. गुणिले बारा, म्हणजे ६०० वॉट. घरातल्या मिक्सरएवढीच ताकद की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण मिक्सर २३० व्होल्टवर जेमतेम अडीच-तीन अँपिअर घेतो आणि इथं तेवढ्याच कामाला ५०. वायरीला वॉट कळत नाहीत, तिला फक्त अँपिअर कळतात.

बॅटरी मागं, मोटर पुढं, अशी मांडणी असली की वायर जायला पाच मीटर आणि यायला पाच मीटर लागते. परतीची वायर हिशेबात धरायला बरेच जण विसरतात. घरात पडून असलेली सहा स्क्वेअरची, म्हणजे सहा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर लावली, तर दहा मीटरमध्ये जवळजवळ दीड व्होल्ट वायरच खाते. बारातले दीड! मोटर मंद चालते, आणि सत्तरेक वॉट नुसती वायर तापवण्यात जातात. सोळा स्क्वेअर लावा, ती गळती अर्ध्या व्होल्टवर येते. पंचवीस लावली तर आणखी कमी. आपल्याकडं वेल्डिंगची केबल सहज मिळते, बारीक तारांची असते, वळते छान. माझ्या मते गोड्या पाण्यात ती चालते, फक्त टोकं नीट बंद करा, नाहीतर ओल आत चढते आणि तांबं काळं पडतं. कोकणात खाऱ्या पाण्यात न्यायची असेल तर कलई केलेल्या तांब्याचीच वायर घ्या.

मोठ्या मोटरी २४ व्होल्टच्या का असतात, याचं उत्तर याच हिशेबात आहे. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो, आणि त्याच वायरीत तापण्यात जाणारी वीज चौथाईवर येते. त्यासाठी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या. पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला, आणि उरलेली दोन टोकं मोटरला. यात व्होल्ट वाढतात, अँपिअर-तास तेवढेच राहतात. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं तर ती पॅरलल, तिथं उलटं होतं. पॅरललमध्ये मोटरचा प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसऱ्या बॅटरीवरून घ्या, म्हणजे दोघींवर भार सारखा पडतो.

सिरीजला जुनी आणि नवी बॅटरी एकत्र लावू नका. एक बैल तरणा आणि एक थकलेला, असं औत चालत नाही. थकलेली आधी रिकामी होते आणि दुसरी तिच्यातून करंट रेटतच राहते. मासे शोधायचं यंत्र बारा व्होल्टचं असतं म्हणून लोक दोघींतल्या एकीवरूनच त्याची वायर काढतात. त्यानंही जोडी बिघडते. त्याला छोटी वेगळी बॅटरी द्या.

कोणती बॅटरी? गाडीची नको. ती सेल्फ मारायला, काही सेकंद जोर द्यायला केलेली असते. इन्व्हर्टरची ट्युब्युलर सगळ्यांच्या मनात येते. खोलवर रिकामी व्हायला ती चांगली, पण दीडशेची बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते आणि होडी हलली की ॲसिड सांडायची भीती असते. शिवाय ते दीडशे अँपिअर-तास वीस तासांच्या संथ वापराचे. पन्नास अँपिअरनं ओढलं तर तीन नाही, दोनेक तास मिळतील, आणि आयुष्य टिकवायचं तर त्यातलेही निम्मेच वापरायचे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाला हलकी, ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनघोर वापरता येते. पण सिरीजला चालेल का, हे तिच्या कागदावर बघूनच जोडा. काहींचा बीएमएस, म्हणजे आत बसवलेलं संरक्षणाचं सर्किट, ते सोसत नाही.

आणि फ्यूज. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूजचं काम करणारा ब्रेकर हवाच, ५० अँपिअरच्या मोटरला ६० चा. तो मोटरजवळ लावून उपयोग नाही, मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते. घरचा एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा ब्रेकर) त्यावर डीसीचं, म्हणजे बॅटरीच्या विजेचं, रेटिंग छापलेलं असेल तरच वापरा. जोडताना हातातलं चांदीचं कडं काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. प्लस-मायनसच्या मध्ये कडं आलं तर शेकडो अँपिअर त्यातूनच जातात.

सगळं झाल्यावर किनाऱ्याला होडी बांधून, पंखा पाण्यात ठेवून मोटर पूर्ण वेगात दहा मिनिटं चालवा. ती चालू असतानाच मल्टिमीटर आधी बॅटरीवर आणि मग मोटरच्या टोकांवर लावा. फरक अर्ध्या व्होल्टच्या फार वर गेला, तर मग मोटर बंद करून एकेक लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं टोपण, हातानं चाचपा. जो गरम लागेल, तो कापून नवा क्रिंप करा, म्हणजे वायरीवर घट्ट दाबून बसवा.