विषयाचा प्रश्न होताना

कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहिलेली आहे : ‘तरुण पिढी आणि वाचन’. सामाजिक संशोधनाकडे नव्याने वळलेल्या अनेकांच्या कामाची सुरुवात अशाच एखाद्या ओळीने होते. हा विषय झाला. संशोधनाचा प्रश्न मात्र अजून हाती आलेला नाही. तरुण कोणाला म्हणायचे, वाचन म्हणजे फक्त पुस्तकांचे की मोबाइलवरच्या मजकुराचेही, कोणत्या काळातले आणि कोणाच्या तुलनेत, हे ठरल्याशिवाय उत्तर शोधायचे कुठे तेच कळत नाही. संकल्पनेला मोजता येईल किंवा प्रत्यक्ष पाहता येईल असे रूप देण्याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. याच टप्प्यावर मार्गदर्शक संशोधनाचा आराखडा पुन्हा पुन्हा परत पाठवतात आणि नवा संशोधक खट्टू होतो. पण प्रश्न घासूनपुसून घेण्यात गेलेले आठवडे वाया गेले, असे मानण्याचे कारण नाही. पद्धत कोणती वापरायची, हे या प्रश्नावरूनच ठरत असते. ‘किती जण’ असे विचारायचे असेल तर सर्वेक्षण उपयोगी पडते. ‘का’ आणि ‘कसे’ समजून घ्यायचे असेल तर बहुधा मुलाखती आणि निरीक्षण यांच्याकडे वळावे लागते.

आता प्रश्नावलीचा पहिला मसुदा पाहू. त्यात एक साधा प्रश्न आहे : ‘तुम्ही नियमित वाचन करता का?’ पूर्वचाचणीत, म्हणजे प्रश्नावली आधी मोजक्या लोकांवर वापरून पाहताना, दोघांनी ‘हो’ असे उत्तर दिले. खोदून विचारल्यावर कळले, की एक जण रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र चाळतो आणि दुसरी व्यक्ती दर सुट्टीत एक कादंबरी संपवते. दोघांचेही उत्तर प्रामाणिक होते, फक्त ‘नियमित’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला होता. म्हणून प्रश्न बदलला : ‘गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस तुम्ही अभ्यास किंवा कामाव्यतिरिक्त काही वाचले?’ शब्दांचा हा परिणाम जुन्या काळापासून नोंदलेला आहे. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असे काहींना विचारले गेले आणि त्यांवर ‘बंदी घालावी का’ असे इतरांना. तर्काने पाहता दोन्ही प्रश्न एकच. तरीही ‘परवानगी देऊ नये’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण ‘बंदी घालावी’ म्हणणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त निघाले.

प्रश्न नेमका झाला, तरी उत्तर कोणाकडून घ्यायचे हे उरतेच. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन जिंकणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधून घेतल्याने तुलनेने सुस्थितीतले लोक त्यांत अधिक आले होते. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवले आणि ज्यांनी पाठवले नाही, त्यांची मतेही सारखी नव्हती. प्रश्नावली तयार होताच ओळखीच्या मंडळींना ऑनलाइन पाठवून शंभर उत्तरे जमवण्याची घाई आजही हीच चूक करते, आणि ती पुढे कोणत्याही सांख्यिकी तंत्राने पूर्णपणे भरून काढता येत नाही.

लोक जे सांगतात आणि जे करतात, यांतले अंतरही ध्यानात ठेवावे लागते. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकेत प्रवास केला. चिनी लोकांविरुद्ध तीव्र पूर्वग्रह असलेल्या त्या काळात २५१ ठिकाणांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच आस्थापनांना पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुणे स्वीकारणार नाही असे कळवले. या अभ्यासाच्या मर्यादांवर पुढे चर्चा झाली. तरी कागदावरचे उत्तर म्हणजेच वर्तन असे धरून चालता येत नाही, हे त्यातून दिसले.

आता पहिली मुलाखत. अभ्यास कशासाठी आहे, नाव गुप्त कसे राहील आणि कोणत्याही क्षणी थांबता येईल, हे समजावून संमती घेतली आहे. ध्वनिमुद्रणासाठीही वेगळे विचारले आहे. तासाभराचे बोलणे शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. हे काम कंटाळवाणे वाटले तरी पहिल्या काही मुलाखती स्वतःच उतरवाव्यात, असे आम्ही आग्रहाने सांगू, कारण आपण कुठे घाई केली ते तिथेच ऐकू येते. तेविसाव्या मिनिटाला समोरची व्यक्ती म्हणते, ‘खरं सांगायचं तर, वाचावंसं वाटतं, पण घरात...’ आणि थांबते. दोन सेकंदांची शांतता. मुलाखतकाराला ती सोसवत नाही आणि तो यादीतला पुढचा प्रश्न विचारून मोकळा होतो. आता मुलाखत उतरवताना ध्वनिमुद्रण तिथे थांबवून त्याने समासात वेळ टिपली आहे, पुढे ‘घरात काय?’ असे लिहिले आहे आणि त्याच व्यक्तीला पुन्हा भेटता येईल का, हे विचारणारा निरोप लिहायला घेतला आहे.