सिस्टिक फायब्रोसिस, वाढतं वजन आणि साखर
(ठाण्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार, त्यात शरीरातले स्राव घट्ट आणि चिकट होतात. तो असलेल्या मुलाच्या आईवडिलांना वर्षानुवर्षं एकच सांगितलं गेलं: काहीही खाऊ दे, पण वजन वाढू दे. त्याला कारण होतं. बहुतेकांचं स्वादुपिंड पाचकरस आतड्यात सोडू शकत नाही, तूपतेल न पचताच बाहेर पडतं. पण 2019 मध्ये अमेरिकेत एलेक्साकॅफ्टर, टेझाकॅफ्टर आणि आयव्हाकॅफ्टर हे आजाराच्या मूळ दोषावर काम करणारं तीन औषधांचं मिश्रण मंजूर झालं. अशा औषधांना मॉड्युलेटर म्हणतात. आपल्याकडे ते मिळवणं सोपं नाही. पण ज्यांना मिळतं त्यांचं वजन बहुधा वाढतं, आणि घरातली जुनी सवय तशीच चालू राहते. तळलेलं, फरसाण, वर कोल्ड्रिंक.

मग रक्तातली साखर वाढते आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘जाड झालाय ना, म्हणून डायबेटिस.’ इथेच घोटाळा होतो. या आजारात स्वादुपिंडावर व्रण पडतात आणि इन्सुलिनच कमी तयार होतं. वजनामुळे आहे ते इन्सुलिनही नीट काम करत नाही, ही वरची भर. म्हणून मुख्य उपचार इन्सुलिनच. नुसती गोळी देऊन भात-तूप बंद करणं हा उपाय इथे लागू पडत नाही.

तपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी, आणि ती ग्लुकोज पिऊन करायची: किलोमागे 1.75 ग्रॅम, जास्तीत जास्त 75 ग्रॅम, उपाशीपोटी. दोन तासांनी साखर 200 (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात. बरं वाटत असताना पुन्हा तपासून खात्री करायची. नुसत्या एचबीए1सीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर, विसंबू नका. या रुग्णांत तो खोटा कमी येऊ शकतो. छातीचा संसर्ग किंवा स्टिरॉइड चालू असताना साखर तात्पुरती चढते, तेव्हा वार्षिक तपासणी पुढे ढकला. मात्र त्या दिवसांत घरी ग्लुकोमीटरवर लक्ष हवंच.

जेवणात आधी साखरेची पेयं थांबवा. पोळी, भात, उसळ, अंडी, दही राहू द्या. मध्यम पोळीत साधारण 15 ते 20 ग्रॅम कर्बोदकं असतात. जेवणाआधीचं इन्सुलिन या हिशेबावर ठरतं, सरसकट पथ्यावर नाही. मॉड्युलेटर घेताना थोडं स्निग्ध हवंच, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

वजन उतरावं म्हणून काही तरुण एन्झाइमच्या, म्हणजे कमी पडणाऱ्या पाचकरसाऐवजी जेवणासोबत घ्यायच्या, कॅप्सूल चुकवतात. वजन उतरतंही, पण अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं मळावाटे जातात, पोट दुखतं, आणि साखरेचा अंदाज चुकतो. इन्सुलिन चुकवणं तर त्याहून वाईट. तलावपाळीला रोज फेऱ्या मारा, पण इन्सुलिनवर असाल तर खिशात ग्लुकोज असू द्या. साखर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते. आणि या आजारात घामातून मीठ जास्त जातं, म्हणून आपल्या मे महिन्याच्या घामात मीठ आपणहून तोडू नका; रक्तदाब वाढलेला असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

वजन कमी करायच्या आठवड्याच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. ती पोट रिकामं होण्याचा वेग मंदावतात, मळमळ आणि बद्धकोष्ठता आणतात. या आजारात आतडं आधीच तुंबण्याकडे झुकलेलं असतं. म्हणून ती सुरू करायचा निर्णय सिस्टिक फायब्रोसिसचे आणि मधुमेहाचे डॉक्टर एकत्र बसून घेतील, तेव्हाच घ्यावा.