अर्ध्या डावातून उठलेला भिडू

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय सायन्स फिक्शनवाल्या रोल-प्लेइंग गेम्सबद्दल, आणि हे खेळ पडद्यावर येतात तेव्हा त्यांचं काय होतं याबद्दल. आरपीजी म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही, चार डोकी, प्रत्येकाचं एक पात्र, फासे, कागद-पेन्सिल आणि एक गेम मास्टर जो सगळ्यांचं नीट ऐकून घेतो आणि मग शांतपणे सगळ्यांची वाट लावतो, एवढं तुम्हाला माहितीच आहे. आणि काँप्युटरवरचे आरपीजी याच घराण्यातले, फक्त तिथे फासे आत कुठेतरी पडतात, आपल्याला दिसत नाहीत.

पण आधी एक किस्सा. खरं सांगू का, हा किस्सा सांगायला मिळावा म्हणूनच मी हा विषय मागून घेतला, तेव्हा थोडा जास्त वेळ खाल्ला तर चालवून घ्या.

'द एक्सपान्स' ही सिरीज बऱ्याच जणांनी पाहिली असेल. पृथ्वी, मंगळ, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राहून राबणारे बेल्टर लोक, या तिघांची भांडणं. ती पुस्तकांवरून आलीये हेही तुम्हाला ठाऊक असेल. पण पुस्तकांच्याही मागे एक खेळ होता, हे फार लोकांना माहीत नसतं. टाय फ्रँक नावाच्या माणसाने हे जग आधी एका ऑनलाइन गेमसाठी रचलं होतं, हजारो लोक एकाच वेळी खेळतात ना, तसल्या. तो गेम काही झाला नाही. आता जग तर तयार आहे, ग्रह तयार, राजकारण तयार, जहाजं कशी चालतात तेही ठरलेलं, मग त्याने तेच जग आरपीजी म्हणून खेळायला काढलं, आणि तेही समोरासमोर बसून नाही, लिहून. आपलं पात्र काय करतंय ते प्रत्येक भिडूने इंटरनेटवर लिहून टाकायचं, पुढच्याने त्यावर लिहायचं, आणि मधे मधे फ्रँक येऊन सांगणार की बाबांनो आता असं झालं.

तर या डावात बर्फ वाहून नेणारं एक जहाज होतं, कँटरबरी. त्याच्यावर हल्ला होतो, जहाज जातं आणि पाच जण वाचतात. होल्डन, नेओमी, एमस, ॲलेक्स आणि पाचवा शेड, शेड गार्वी, हा जहाजावरचा मेडिक. लढणारा बिढणारा नाही, जखमा बांधणारा माणूस. लक्षात ठेवा, पाच जण, आणि त्यातला शेड. कारण पुढे काय झालं, तर शेड म्हणून जो खेळत होता तो भिडू अर्ध्या डावातून उठला. खेळ सोडला त्याने.

आता ज्यांनी कधी असा खेळ खेळलाय ते इथे हसत असणार, कारण आरपीजीचा खरा शत्रू ड्रॅगन नाही, एलियन नाही, लोकांची कामं आणि वेळापत्रकं. कुणीतरी उठतंच. आणि कुणी उठलं की गेम मास्टर काय करतो, तर एक म्हणजे ते पोरकं पात्र स्वतः चालवतो, म्हणजे ते सगळ्यांच्या मागे मागे फिरतं आणि विचारलं की हो म्हणतं. नाहीतर म्हणतो त्याला बरं नाहीये, तो जहाजावरच थांबलाय. अशी कितीतरी पात्रं कितीतरी जहाजांवर अजून आजारीच पडून असतील. फ्रँकने यातलं काही केलं नाही. त्याने शेडला मारून टाकलं.

आणि कसं, ते ऐका. हे पाच जण मंगळाच्या युद्धनौकेवर आहेत, डॉनेजर तिचं नाव, प्रचंड मोठी, बाहेर लढाई जुंपलीये आणि यांना एका खोलीत बसवून ठेवलंय. यांच्या हातात काही नाही. बसायचं आणि हादरे मोजायचे. बोलणं चालू असतं आपलं घाबरलेल्या माणसांचं असतं तसं, आणि एका क्षणी शेडचं डोकं नसतं. संपलं. रेलगनचा गोळा, म्हणजे स्फोट बिट काही नाही, नुसता धातूचा तुकडा पण भयानक वेगाचा, तो एका भिंतीतून आत आला, दुसऱ्या भिंतीतून बाहेर गेला, आणि मधे शेडचं डोकं होतं. कुणी नेम धरला नव्हता. गोळा मारणाऱ्याला शेड नावाचा माणूस आहे हेसुद्धा माहीत नाही. आणि बाकीच्यांना किंचाळायला, रडायला वेळ कुठाय, कारण आता दोन भिंतींना दोन भोकं पडलीत आणि हवा चाललीये बाहेर, आधी ती भोकं बुजवायची, मग शेडकडे बघायचं.

हे असंच्या असं पुस्तकात आलं. डॅनियल एब्राहम नावाचा लेखक पुढे फ्रँकबरोबर याच जगातला खेळ खेळला, त्याला कळलं की अरे या माणसाकडे अख्खी कादंबरी तयार पडलीये, आणि दोघांनी मिळून जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने लिहायला घेतलं, 2011 मध्ये पहिलं पुस्तक आलं. डिसेंबर 2015 मध्ये सिफी चॅनलवर सिरीज सुरू झाली आणि चौथ्या भागात, हो, चौथ्याच भागात, शेड जातो. मालिका पाहणाऱ्याला तोवर वाटत असतं की हे आपले पाच हिरो, आता हे पाच जण मिळून जगाला वाचवणार. आणि पाचातला एक जातो, पार्श्वसंगीत चढत नाही, कॅमेरा चेहऱ्यावर रेंगाळत नाही, शेवटचे दोन शब्द नाहीत, काही नाही.

आता मला सांगा, पटकथा लिहायला बसलेला कुठला माणूस हे असं लिहील? तो शेडला आधी एक छानसा प्रसंग देईल, घरी वाट बघणारं कुणीतरी देईल, खिशातून फोटो काढायला लावेल, आणि फोटो निघाला की आपण ओळखतोच की हा आता जाणार. इथे तसं काही झालं नाही कारण ते लेखकाने ठरवलेलंच नव्हतं मुळात. एक माणूस खेळ सोडून गेला आणि त्याची मोकळी जागा पानावर आली, पानावरून पडद्यावर आली. बघणाऱ्याला जो धक्का बसतो तो त्या मोकळ्या जागेचा धक्का आहे. मला सगळ्या मालिकेत हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, आणि मालिका काही लहान नाही, 62 भाग आहेत.

मधेच एक सांगतो, विषयाला सोडून आहे. या मालिकेची सुरुवातीची टायटल्स कृपा करून पुढे ढकलू नका. ते स्किपचं बटन ज्याने काढलं त्याचं मला काही समजत नाही. तेवढ्या वेळात माणूस आपल्या खोलीतून उठून त्या जगात जातो, संगीत त्याचसाठी असतं. लोक टायटल्स टाळतात आणि मग दहा मिनिटं फोनकडे बघत एपिसोड बघतात आणि वर म्हणतात कळलं नाही कोण कुणाचं. असो.

तर मुद्दा काय. लोकांना वाटतं खेळ पडद्यावर आणायचा म्हणजे खेळातली गोष्ट आणायची. माझं म्हणणं, गोष्ट राहू दे, नियम आणा. परत सांगतो, गोष्ट राहू दे, खेळाचा नियम आणा. कारण खेळातली गोष्ट दर वेळी वेगळीच होते, तुमची वेगळी माझी वेगळी, सगळ्यांना सारखा असतो तो नियम. आणि एक्सपान्सचा नियम काय होता, तर अवकाशात भौतिकशास्त्र कुणाची भीड ठेवत नाही, हिरोची पण नाही. टीव्हीवर ही मालिका सांभाळणारा नरेन शंकर हा तर उपयोजित भौतिकशास्त्रात पीएचडी केलेला माणूस, आणि पुस्तकाचे दोन्ही लेखक त्याच्याबरोबर पटकथा लिहायला बसलेले, त्यामुळे नियम सुटला नाही. जहाज वेग घेतं तेव्हाच पायाखाली जमीन असल्यासारखं वाटतं, इंजिन थांबलं की सगळं तरंगायला लागतं, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

नियमावरून गोष्ट कशी निघते याचं याहून चोख उदाहरण म्हणजे 'सायबरपंक'. माइक पाँडस्मिथने 1988 मध्ये काढलेला टेबलावरचा आरपीजी, त्यावरून 2020 मध्ये 'सायबरपंक 2077' हा काँप्युटर गेम आला, आणि 2022 मध्ये ट्रिगर या जपानी स्टुडिओने केलेली दहा भागांची 'एजरनर्स' ही ॲनिमेशन मालिका. पाँडस्मिथच्या खेळात एक नियम आहे. शरीरात मशीन बसवलं, हात बदलला, डोळा बदलला, की प्रत्येक वेळी तुमची माणुसकी कमी होते. म्हणजे अक्षरशः कागदावर एक आकडा असतो तो कमी होतो. आकडा शून्यावर आला की तुमचं पात्र सायबरसायको होतं, म्हणजे वेडं, आणि मग तो कागद तुमच्या हातून गेम मास्टर काढून घेतो. तुम्ही समोर बसलेले, आणि तुमचं पात्र दुसराच कुणीतरी चालवतोय.

एजरनर्समध्ये कागद नाही, आकडा नाही, कुणी फासे टाकत नाही. डेव्हिड नावाचा पोरगा आहे, पाठीच्या कण्यात एक यंत्र बसवून घेतो, त्याने जग थांबल्यासारखं होतं आणि हा एकटा धावत असतो. मग अजून एक यंत्र, मग अजून एक. त्याचा म्होरक्या मेन याच वाटेने जाऊन याच्या डोळ्यांदेखत वेडा होतो, आणि तरी हा म्हणतो मला काही होत नाही, मी वेगळा आहे. मग एक दिवस त्याचा हात थरथरतो. बस, तो थरथरणारा हात म्हणजे तो कागदावरचा आकडा. नियम कुणीही समजावून सांगत नाही आणि ज्याने आयुष्यात हा खेळ पाहिला नाही त्यालाही आतून कळतं की याची शिल्लक संपत आलीये. आणि गंमत बघा, मूळ काँप्युटर गेमची गोष्ट त्यांनी उचललीच नाही, शहर तेच, नाइट सिटी, मुख्य माणसं नवी.

नवी माणसं आणायचं हेच 'फॉलआउट'ने केलं. अणुयुद्धानंतरच्या जगातला 1997 चा गेम, हाही खरा तर कागदावरच्या गर्प्स नावाच्या आरपीजीच्या नियमांवर सुरू झालेला, मग ते जमलं नाही तेव्हा स्वतःचे नियम केले. एप्रिल 2024 मध्ये सिरीजचा पहिला सीझन आला, आठ भाग, एकदम सगळे. हे एकदम सगळं अंगावर टाकणं मला मुळीच पटत नाही, आठवडाभर वाट बघण्यात निम्मी मजा असते, मधल्या सात दिवसांत आपण भांडतो, अंदाज बांधतो, पण ते जाऊ दे. त्यात तीन मुख्य पात्रं आहेत आणि नीट बघितलंत तर तीन तऱ्हेचे खेळाडू आहेत. लूसी म्हणजे पहिल्यांदा खेळणारी, सगळ्यांशी गोड बोलून काम होईल असं वाटणारी. मॅक्सिमस म्हणजे ज्याला ते भारी चिलखत कधी एकदा अंगावर चढतंय असं झालेलं असतं तो. आणि घूल, दोनशे वर्षं जगलेला, म्हणजे हा गेम इतक्यांदा खेळलेला माणूस की आता कुणाशी बोलत बसत नाही, सरळ गोळी घालतो आणि खिसे तपासतो. हाच घूल एके ठिकाणी वैतागून सांगतो की या ओसाड जगाचा नियमच हा, निघालात एका कामाला की फालतू भानगडी तुम्हाला बाजूला ओढणारच. ज्यांनी फॉलआउटचा तिसरा गेम खेळलाय, बापाला शोधायला निघून तीन आठवडे भलत्याच गावातल्या भलत्याच लोकांची कामं करत बसलेत, ते सगळे इथे एकदम खुर्चीत सरळ होतात, आणि ज्यांनी खेळला नाही त्यांना तो नुसता चांगला संवाद वाटतो, अडत काहीच नाही.

मला विचारतात की मग आता पुढचं काय बघायचं. ॲमेझॉन 'मास इफेक्ट'वर सिरीज करतंय. तीन गेम्स, 2007, 2010 आणि 2012, आणि मधे कमांडर शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ते मुख्य पात्र. आता घोळ असा की शेपर्ड बाई की पुरुष हे खेळणारा ठरवतो, चेहरा खेळणारा ठरवतो, पहिल्या गेममध्ये कुणाला वाचवलं आणि कुणाला मागे सोडलं ते तिसऱ्या गेमपर्यंत पाठ सोडत नाही. म्हणजे जितके खेळणारे तितके शेपर्ड, आणि तुम्ही एका नटाला ते चिलखत घालून उभं केलं की त्या क्षणी बाकी सगळे शेपर्ड खोटे ठरले, आणि ते लोक काय गप्प बसणारेत का! माझ्या हातात असतं ना, तर मी शेपर्डला पडद्यावर आणलंच नसतं. अवकाश स्टेशनवरच्या कुठल्यातरी बारमध्ये बातम्या चालू आहेत, निवेदक सांगतोय कमांडर शेपर्डने अमुक केलं तमुक केलं, तेवढ्यात कुणीतरी चॅनल बदलतं. आणि आपली गोष्ट बारमधल्या त्या चॅनल बदलणाऱ्याची.