सशाच्या डोळ्यापर्यंत पोचण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

कारखान्यात येणाऱ्या रसायनाच्या पिंपावर एक चिन्ह असतं: परीक्षानळीतून थेंब पडतोय आणि खालचा हात आणि धातूची पट्टी झिजतेय. शेजारी ‘धोका’ असं छापलेलं असतं आणि खाली वाक्य, ‘डोळ्यांना गंभीर इजा होते’. दुसऱ्या एखाद्या पिंपावर नुसतं उद्गारचिन्ह असतं. पिंप उघडणाऱ्या कामगाराच्या दृष्टीनं या दोन चिन्हांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक कसा ठरवतात, आणि तो ठरवताना जिवंत प्राण्याच्या डोळ्याला हात लावायची वेळ किती उशिरा यायला हवी, यावर आज बोलायचं आहे.

सशाच्या डोळ्यावर करायच्या चाचणीला ‘ड्रेझ चाचणी’ म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी सहकाऱ्यांसह 1944 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी ठेवायचा आणि दिसणाऱ्या बदलांना गुण द्यायचे. मूळ पद्धतीत एकूण गुण 110. त्यातले 80 एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे. पुढे 1981 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं हिची प्रमाणित मार्गदर्शिका काढली, क्रमांक 405. तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. सर्वांत मोलाची 2012 ची, कारण तेव्हापासून सशाला वेदनाशामक आणि डोळा बधिर करणारे थेंब देणं हा चाचणीचाच भाग झाला. माझ्या मते ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

आता क्रम. पहिलं काम कागदावरचं. या पदार्थाची किंवा याच्यासारखी रेणुरचना असलेल्या पदार्थाची माहिती आधीच उपलब्ध आहे का? हा पदार्थ त्वचा जाळतो हे सिद्ध झालेलं आहे का? असेल तर डोळ्यात घालून वेगळं काही कळणार नाही. मग सामू, म्हणजे पीएच. तो 2 किंवा त्याहून कमी, अथवा 11.5 किंवा त्याहून जास्त असेल तर पदार्थ डोळ्याला गंभीर इजा करणारा मानून पुढे जातात. मात्र नुसता आकडा पुरत नाही, त्यासोबत राखीव आम्लता किंवा अल्कता मोजावी लागते. अगदी पातळ द्रावणाचाही सामू टोकाचा येऊ शकतो, पण ते अश्रूंनी चटकन उदासीन होतं. उलट ज्या द्रावणात राखीव अल्कता भरपूर आहे ते तसं होत नाही. अल्क जास्त घातक का? आम्लानं वरची प्रथिनं गोठतात आणि तो थर आम्लालाच काहीसा अडवतो. अल्क पेशींच्या आवरणातल्या मेदाचा साबण करून आत शिरत जातं. म्हणून पहिल्या तासात डोळा बरा दिसला तरी त्यावर विसंबू नये.

यानंतर प्राण्याबाहेरच्या चाचण्या. इथं थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक प्रश्न इथंच सुटू शकतात आणि बहुतेक चुकाही इथंच होतात.

सर्वांत रुळलेली चाचणी गुरांच्या कॉर्नियावरची, मार्गदर्शिका 437. अन्नासाठी कापलेल्या जनावरांचे डोळे कत्तलखान्यातून आणतात, म्हणजे चाचणीसाठी वेगळं जनावर मारावं लागत नाही. डोळे प्रतिजैविक घातलेल्या क्षारद्रावणात बुडवून, बर्फावर ठेवून आणायचे. आल्याआल्या प्रत्येक डोळा उजेडात तपासायचा. ओरखडा, डाग, नव्या रक्तवाहिन्या दिसल्या तर तो बाद. भोवती दोन-तीन मिलिमीटर पांढरा भाग ठेवून कॉर्निया कापायचा आणि धारकात बसवायचा. धारकात पुढे एक आणि मागे एक कप्पा असतो. माध्यम, म्हणजे पेशी जिवंत ठेवणारं पोषक द्रव, आधी मागच्या कप्प्यात भरायचं, म्हणजे कॉर्नियाला त्याची नैसर्गिक गोलाई परत येते. पुढचा आधी भरला तर पडदा आत दबतो. बुडबुडा राहिला तर प्रकाश विखुरतो आणि गढूळपणाचा आकडा फुगतो. मग 32 अंश सेल्सियसला किमान एक तास ठेवायचं. त्यानंतर सुरुवातीचा गढूळपणा मोजायचा. प्रचलित ऑपॅसिटोमीटरवर, म्हणजे गढूळपणा मोजायच्या यंत्रावर, तो 7 एककांपेक्षा जास्त आला तर तो कॉर्निया वापरायचा नाही.

एका पदार्थाला तीन कॉर्निया. शिवाय तीन निरुपद्रवी द्रावणासाठी आणि तीन हमखास इजा करणाऱ्या पदार्थासाठी. द्रव पदार्थ 750 मायक्रोलिटर, न मिसळता, 10 मिनिटं. घन पदार्थाचं सलाइनमध्ये 20 टक्के द्रावण किंवा निलंबन करून तो चार तास ठेवायचा. साबणासारखे पृष्ठसक्रिय पदार्थ 10 टक्के द्रावणात, 10 मिनिटं. मग फिनॉल रेड हा रंगदर्शक असलेल्या माध्यमानं किमान तीनदा धुवायचं. रंग पिवळा किंवा जांभळा होतोय तोवर आम्ल किंवा अल्क अजून आत आहे असं समजायचं आणि धूत राहायचं. इथं घाई केली तर पुढचे दोन तास पदार्थ कॉर्नियाला खातच राहतो आणि निकाल खऱ्यापेक्षा भयंकर येतो. घट्ट चिकटणारा पदार्थ असेल तर उघड्या तोंडाचा धारक घ्यावा, बंद कप्प्यात तो नीट धुताच येत नाही.

द्रवांच्या बाबतीत धुतल्यावर दोन तास थांबून गढूळपणा पुन्हा मोजतात. मग फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग पुढच्या कप्प्यात घालून 90 मिनिटं ठेवतात. वरचा पेशीथर फाटला असेल तर रंग मागच्या कप्प्यात झिरपतो, तो 490 नॅनोमीटरला मोजायचा. गढूळपणात या वाचनाची पंधरा पट मिळवली की गुणांक तयार. तो 55 च्या वर असेल तर पदार्थ गंभीर इजा करणारा, 3 किंवा कमी असेल तर वर्गीकरणाची गरज नाही. अधलामधला आला तर या चाचणीवरून काहीच ठरवता येत नाही, आणि हे प्रामाणिकपणे अहवालात लिहायला हवं. अल्कोहोल आणि कीटोन गटातले पदार्थ या चाचणीत आहेत त्याहून वाईट दिसू शकतात, घन पदार्थ आहेत त्याहून सौम्य दिसू शकतात. हे माहीत नसलेला माणूस आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

दुसऱ्या टोकाचा प्रश्न, म्हणजे पदार्थ निरुपद्रवी आहे का, त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा कॉर्नियासारखा थर वापरतात. मार्गदर्शिका 492. एका प्रचलित नमुन्यात 50 मायक्रोलिटर द्रव 30 मिनिटं ठेवतात आणि शेवटी किती पेशी जिवंत राहिल्या ते एमटीटी या रंगद्रव्यानं पाहतात; जिवंत पेशी त्याला निळं-जांभळं करतात. 60 टक्क्यांहून जास्त जिवंत असतील तर पदार्थ सुटला. धोका असा, की काही रसायनं स्वतःच एमटीटीला निळं-जांभळं करतात. पेशी मेलेल्या असल्या तरी जिवंत भासतात. म्हणून मारलेल्या पेशींच्या थरावर तोच प्रयोग समांतर करायचा आणि तो निळेपणा वजा करायचा.

या सगळ्यातूनही प्रश्न सुटला नाही आणि नियमाला उत्तर हवंच असेल, तरच ससा. तोही एकच.

पांढरा, तरुण, निरोगी ससा. चाचणीआधीच्या 24 तासांत दोन्ही डोळे फ्लुओरेसिन लावून तपासायचे, आधीची जखम असलेला ससा घ्यायचा नाही. पदार्थ घालण्याच्या 60 मिनिटं आधी ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक, किलो वजनामागे 0.01 मिलिग्रॅम, त्वचेखाली. पाच मिनिटं आधी दोन्ही डोळ्यांत बधिर करणारे एक-दोन थेंब, संरक्षक द्रव्य नसलेले, नाहीतर जळजळ कशानं झाली हेच कळणार नाही. मग खालची पापणी हलकेच ओढून झालेल्या खोबणीत 0.1 मिलिलिटर द्रव सोडायचा आणि पापण्या साधारण एक सेकंद मिटून धरायच्या. दाबायचं नाही, चोळायचं नाही. भुकटी बारीक दळून, भांडं हलकेच ठोकून, 0.1 मिलिलिटर आकारमान मोजायची, वजन 100 मिलिग्रॅमच्या वर जाऊ न देता. आठ तासांनी पुन्हा ब्युप्रेनॉर्फिन, सोबत मेलोक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक, किलोमागे 0.5 मिलिग्रॅम. पुढे इजा भरेपर्यंत पहिलं दर 12 तासांनी, दुसरं दर 24 तासांनी.

डोळा 24 तास धुवायचा नाही. अपवाद दोन: पदार्थ लगेच जाळू लागला तर, आणि तासाभरानंतरही भुकटी डोळ्यात अडकून राहिली तर. अडकलेला कण घासून जी जखम करतो ती रसायनाची नव्हे, म्हणून एका तासाच्या तपासणीत पापणी उलटून पाहणं चुकवू नये.

तपासणी 1, 24, 48 आणि 72 तासांनी. वर्गीकरणासाठी शेवटच्या तीन वेळांची सरासरी धरतात, पहिल्या तासाची लाली हिशेबात येत नाही. कॉर्नियाला 0 ते 4 गुण, आणि ते सर्वांत दाट डागावरून. दाटपणा ठरतो तो कॉर्नियाआडून आयरिस किती दिसते यावरून. आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीचं रंगीत कडं. त्याचे बारकावे स्पष्ट दिसत असून धूसर डाग असेल तर 1, बारकावे किंचित झाकले असतील तर 2, बारकावे दिसतच नाहीत आणि बाहुलीचा आकार जेमतेम कळतो तर 3, काहीच दिसत नसेल तर 4. आयरिसला स्वतःला 0 ते 2, लालीला 0 ते 3, सुजेला 0 ते 4. कॉर्नियाच्या गुणांत 1 आणि 2 मधली सीमा माणसागणिक सरकते. 1971 मध्ये वाइल आणि स्काला या संशोधकांनी तेच ते पदार्थ अनेक प्रयोगशाळांना दिले होते, तेव्हा एकाच पदार्थाला कुणी निरुपद्रवी तर कुणी तीव्र ठरवलं होतं. म्हणून एकाच प्रशिक्षित माणसानं, ठरलेल्या उजेडात, स्लिट लॅम्पनं, म्हणजे डोळा तपासायच्या दिवा-सूक्ष्मदर्शकानं, पाहावं आणि फोटो ठेवावेत.

पहिल्या सशात गंभीर इजा दिसली की चाचणी तिथंच संपते. तशी दिसली नाही तरच खात्रीसाठी आणखी एक-दोन ससे. कॉर्नियाला भोक पडलं, डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रक्त आलं, कॉर्नियाला 4 गुण मिळाले किंवा 72 तास उजेडाला प्रतिसादच मिळाला नाही, तर 21 दिवसांची वाट न पाहता त्या प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचं. असा डोळा भरून येत नाही.

बाकीच्यांत इजा भरते का, हे 21 दिवसांपर्यंत पाहतात. भरली नाही तर वर्ग 1, पिंपावर ते झिजणाऱ्या हाताचं चिन्ह. भरली तर वर्ग 2अ, उद्गारचिन्ह. सातच दिवसांत पूर्ण भरली तर वर्ग 2ब, त्याला चिन्ह नाही, फक्त ‘इशारा’ हा शब्द आणि डोळ्यांची जळजळ होते असं एक वाक्य.